न झालेल्या लढाईची वीरमाता

शालिनी,

आता या घरात माझं बोलणं कोणी खोडून काढत नाही. सकाळी पेपर वाचताना मी मोठ्याने काहीतरी म्हणतो आणि सवयीने थांबतो, स्वयंपाकघरातून तुझं उलट उत्तर येईल म्हणून. येत नाही. स्मिता परवा रायपूरला परत गेली. तिचं घर आहे, नोकरी आहे, लेक किती दिवस बापाजवळ बसणार. जाताना म्हणाली, "बाबा, टीव्ही लावत जा, घरात आवाज राहते." मी लावला नाही. टीव्हीवर हल्ली काय बोलतात ते तुला ठाऊक आहे.

लोकांची भांडणं पैशावरून होतात, शेताच्या बांधावरून होतात. आपलं एका शब्दावरून झालं आणि वीस वर्षांहून जास्त चाललं. मी आपल्या मंगेशला शहीद म्हणायचो. तू म्हणू द्यायची नाहीस. बाहेर म्हटलं तर घरी आल्यावर बोलायचीस, घरात म्हटलं तर ताट सरकवून उठायचीस. आणि आता तू मधेच उठून गेलीस, माझी बाजू अर्धी मांडून व्हायची असताना.

तेव्हा निदान ऐक. आता तुला उठून जाता येत नाही.

तो हिवाळा आठवतो? छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत लोक अजून पत्त्यात मध्यप्रदेश लिहायचे. दिल्लीला संसदेवर हल्ला झाला आणि आठवडाभरात आमच्या यार्डाचं रूपच पालटलं. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. भिलाईच्या पोलाद कारखान्याचे कोळशाचे आणि खनिजाचे रेक, मालगाड्याच्या मालगाड्या, बाजूच्या लाइनीवर उभे करून ठेवले, कारण मधली लाइन मिलिटरी स्पेशलला मोकळी पाहिजे. देश हलतो म्हणजे काय होतं, ते मी माझ्या हातोडीच्या टोकाने पाहिलं. माझं काम गाडी तपासायचं. रेकच्या कडेने चालत जायचं, चाकावर ठोकून आवाज ऐकायचा, ब्रेक पाहायचे, स्प्रिंगा पाहायच्या आणि शेवटी सांगायचं, गाडी फिट आहे. पूर्वेकडून पश्चिमेला गाड्यांमागून गाड्या. मालगाडीच्या सपाट वाघिणींवर साखळ्यांनी बांधलेले ट्रक, ताडपत्रीखाली तोफा, मधल्या डब्यांत पोरं. मला अभिमान वाटत होता, हे मी नाकारत नाही. मी घरी येऊन तुला सांगायचो की आज इतकं सामान गेलं, असं सामान गेलं, आणि तू माझ्याहून जास्त पेटलेली असायचीस.

हो, तूच. तू ते नंतर सगळ्यांना विसरायला लावलंस, पण मी विसरलो नाही. कॉलनीतल्या बायका तू गोळा केल्यास. कणीक तू गोळा केलीस, तेलाचे डबे तू आणलेस. आपल्या क्वार्टरच्या अंगणात चूल पेटायची आणि बायका पुऱ्या लाटायच्या. स्टेशन मास्तरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि तुम्ही पातेली घेऊन थेट लाइनीपर्यंत यायला लागलात. गाडी उभी राहिली की तू पदर खोचून डब्याच्या दारापाशी. "लो बेटा, लो. और लो. कहाँ के हो? केरल? इतनी दूर?" एका पोराने तुझ्या पाया पडून विचारलं, "माताजी, जीतकर आएँ तो फिर खिलाओगी?" तू म्हणालीस, "दोनदा खिलाऊँगी." त्या दिवशी घरी येऊन तू मला ते पुन्हा पुन्हा सांगितलंस.

मग ती दुसरी गाडी आली. पांढऱ्या डब्यांची, लाल क्रॉसची. तुम्ही पातेली घेऊन धावलात आणि आत कोणीच नव्हतं. एक परिचारक तेवढा दारात उभा होता. तू खिडकीतून आत पाहिलंस. खाटांवर खाटा, प्रत्येकीवर पांढरी चादर ताणून घातलेली, उशी, पायाशी घडी करून ठेवलेलं कांबळं. मी चाकं ठोकत पुढे आलो तर तू तिथेच उभी.

"हे कोणासाठी आहे?" तू मला विचारलंस.

"जखमींसाठी. तयारी करा लागते."

"म्हणजे यायनं आधीच धरून ठेवलं?"

"सरकार आहे. सगळं धरूनच चालते."

"काल ज्यायले पुऱ्या वाढल्या," तू म्हणालीस, "त्यायच्यासाठीच अंथरूण घालून ठेवलं ना हे."

त्यानंतर तू पुऱ्या थांबवल्या नाहीस. पण 'जीतकर आओ' म्हणणं बंद केलंस. फक्त वाढायचीस.

आणि मग आपल्या पोराची गाडी आली.

मंगेश इंजिनिअर रेजिमेंटमध्ये होता, पूर्वेकडे कुठेतरी. तेव्हा कॉलनीत सगळ्यांचे फोन कोपऱ्यावरच्या पीसीओत यायचे. पीसीओवाला स्वतः धावत आला होता तुला बोलवायला. गाडी कुठून कुठे जाते हे फोनवर सांगायची त्यांना परवानगी नसते. पोरगा एवढंच म्हणाला, "आई, तुमच्या अंगणातून जाऊन राहिलो. बाबांना विचार."

मी चौकशी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाडी यार्डात लागणार होती, इंजिन, ड्रायव्हर आणि गार्ड बदलायला. तू पहाटेपासून लागलीस. पुऱ्या, आलूची भाजी, संक्रांतीचे म्हणून करून ठेवलेले तिळाचे लाडू. गाडी लागली. तो डब्यातून उडी मारून खाली आला, उन्हाने काळा झालेला, गाल बसलेले, आणि तुला उचलायला गेला तर तुझ्या हातात भाजीची बादली. मग त्याने तीच बादली तुझ्या हातातून घेतली आणि डब्यात चढून स्वतःच वाढायला लागला. "लो भाई, शरमाओ मत, मेरी माँ के हाथ का है." सगळ्या डब्याला वाढलं त्याने. तू खाली उभी राहून सांगत होतीस, "अरे तू खा ना आधी, तू खाऊन घे." तो म्हणायचा, "खातो ना आई, पहिले यांना तर होऊ दे."

तू मला किती वेळा बोललीस त्या दिवसावरून. पोरगा समोर होता आणि तुमी हातोडी घेऊन चाकं ठोकत होते. पोराजवळ दोन मिनिटं उभे राहिले नाईत. मी दरवेळी म्हणायचो, ड्यूटी होती. शालिनी, ती ड्यूटी होती हे खरं. पण त्या दिवशी मी गाडी जितक्या बारकाईने पाहिली तितकी आयुष्यात कधी पाहिली नाही. मी वाकून एकेक ब्रेक पाहिला, एकेक स्प्रिंग हाताने चाचपली. मी खोट शोधत होतो. एखादी स्प्रिंग तडकलेली मिळाली असती, एखादं चाक बद्द वाजलं असतं, तर डबा काढावा लागला असता आणि गाडी आणखी तास-दोन तास उभी राहिली असती. मला खोटं बोलायचं नव्हतं. मला खरी खोट पाहिजे होती. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. गाडी एकदम चांगली होती. कारखान्यातून कालच निघाल्यासारखी. मी सांगितलं, फिट आहे.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस याचा विचार मी आता करत बसतो.

शिटी झाली. त्याने खाल्लं नव्हतंच. तू चार पुऱ्या गुंडाळून त्याच्या हातात कोंबल्यास, लाडवांचा डबा त्याच्या काखेत दिलास. तो पळत चढला आणि दारात उभा राहून खायला लागला. गाडी हलली तेव्हा त्याचं तोंड भरलेलं होतं, म्हणून तो काहीच बोलला नाही. नुसता हात हलवला. शेवटच्या भेटीत पोरगा काय बोलला असं लोक विचारतात. मी स्टेजवर काहीतरी सांगायचो, देशाचं वगैरे. तू म्हणायचीस, "खोटं कावून सांगता? त्याच्या तोंडात पुरी होती."

मग ते महिने आले. सगळी फौज सीमेवर जाऊन बसली आणि बसूनच राहिली. आज होते लढाई, उद्या होते. चहाच्या टपरीवर रोज एक नवा सेनापती. मंगेशचा फोन कधीतरी यायचा. एकदा तू विचारलंस, "काय करून राहिला रे तिथं?"

"पेरून राहिलो आई."

"काय?"

"सुरुंग. शेतात. लाइन धरून, बरोबर आपल्या बाबांच्या बाबांनी धान रोवलं असेल तसं."

तू म्हणालीस, शेत कोणाचं? तो म्हणाला, लोकांचंच. उभी मोहरी होती म्हणाला, पिवळीधम्मक. गाव उठवलं. एक म्हातारा रोज येऊन तारेपाशी उभा राहतो अन् विचारतो, बेटा, एक कोपरा तरी सोडला का, जनावराच्या चाऱ्यापुरता. मंगेश म्हणाला, "मी काय सांगू त्याला? मी त्याचं नाव विचारलं नाही. विचारलं तर वाईट वाटते."

तू फोन ठेवलास आणि मला म्हणालीस, "पेरलं ते कोणाले तरी काढा लागते."

मी म्हणालो, लढाई झाली की काढतील.

लढाई झाली नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला आणि दिवाळीच्या आधी बातमी आली की फौजा परत येणार. तू पेढे वाटलेस. टपरीवाला तोंड वाकडं करून म्हणाला, "इतना तामझाम करके खाली हाथ लौट आए, काकी. मजा नहीं आया." तू त्याच्या हातावर पेढा ठेवलास आणि म्हणालीस, "घे. कोणाचं पोरगं नाही मेलं म्हणून घे." त्याने घेतला. खाल्ला पण. आपल्याला तेव्हा कुठे माहीत होतं की ते सुरुंग पेरतानाच कितीतरी घरांतली पोरं गेली होती. ती बातमी पेपरात कोपऱ्यात यायची, एक ओळ, आणि आपण त्याच पेपरात पेढ्यांचा पुडा बांधला.

गाड्या परत यायला लागल्या. उलट्या दिशेने तेच ट्रक, त्याच तोफा. मी त्याही तपासल्या. तू प्रत्येक गाडीला येऊन उभी राहायचीस. मंगेशची रेजिमेंट त्यांत नव्हती. फोनवर म्हणाला, "पेरायला सगळे होते आई, काढायला आम्हीच आहोत." नकाशे होते म्हणाला, पण वाळू सरकते, पाण्याने माती वाहते, नकाशात एका जागी असते अन् जमिनीत दुसऱ्या. तू म्हणालीस, सुट्टी घे. तो म्हणाला, "हे शेत मोकळं झालं का घेतो. म्हातारा रोज येऊन राहिला. आता तर नाव पण समजलं त्याचं."

ते नाव त्याने सांगितलं होतं का आपल्याला? तू म्हणायचीस सांगितलं होतं, आणि मला आठवत नाही. आता विचारायला कोणी नाही.

त्याला आणलं त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. तू होतीस, मी होतो. सन्मान सगळा मिळाला, फौजेने त्यात कुठे कसर ठेवली नाही. दुर्गपासून चरोद्यापर्यंत माणसं रस्त्यावर. घोषणा. ज्या टपरीवाल्याला मजा आली नव्हती तो सगळ्यांत पुढे, गळा फाटेपर्यंत ओरडत होता. पेटीबरोबर एक सुभेदार आला होता, पांढऱ्या मिशांचा, थकलेला. तू त्याला आत बोलावलंस, पाणी दिलंस आणि विचारलंस, "मुझे सच बताना. क्या हुआ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाला, "माताजी, सुरंग निकाल रहे थे."

"किसकी?"

"अपनी ही थी."

तू मान हलवलीस. बाहेर लोक ओरडत होते, अमर रहे, अमर रहे. आत तू त्या माणसाला म्हणालीस, "खाना खाकर जाना." आणि त्याने खाल्लं, शालिनी, रडत रडत खाल्लं, आणि तू समोर बसून त्याला वाढलंस.

तिथून आपण दोघं दोन वाटांनी गेलो. मी बाहेर गेलो, लोकांत. तू आतच, त्या तीन शब्दांपाशी बसून राहिलीस. अपनी ही थी.

पंधरा ऑगस्टला आपल्याला बोलावलं. तुला शाल, नारळ, आणि माइकवर वीरमाता. भाषण करणारा कोणी पुढारी होता. त्याने सांगितलं की आपल्या वीराने शत्रूचे कितीतरी सैनिक यमसदनी धाडले. तू उठलीस. मला वाटलं पाणी प्यायला चाललीस. तू माइकपाशी गेलीस आणि सरळ म्हणालीस, "मेरे बेटे ने किसी को नहीं मारा. लड़ाई हुई ही नहीं थी. वो खेत साफ कर रहा था." आणि खाली येऊन बसलीस. कोणीतरी बँडवाल्यांना खूण केली आणि बँड सुरू झाला.

पुढल्या वर्षी निमंत्रण एकट्या माझ्या नावाने आलं.

मी गेलो. दरवर्षी गेलो. तू घरी राहायचीस, मी आलो की शाल घडी करून कपाटात ठेवायचीस. त्या शाली थंडीच्या दिवसांत कामवालीला, पेपरवाल्याला देऊन टाकायचीस. मला राग यायचा. एकदा मी ओरडलोच.

"तुले त्याचा मान बी नाई पायजे का?"

"त्याचा मान हाय का हा? तुमी त्याले शहीद म्हणता ना, तवा मले वाटते का तो आपला मंगेश नाई, दुसराच कोणी होता."

"मंग काय म्हणू? अपघात म्हणू? सायकलवरून पडला का तो?"

"म्हणा ना अपघात. अपघात म्हटलं का माणूस विचारते, कसा झाला, कावून झाला, कोणी पाठवलं होतं, कायले पाठवलं होतं. शहीद म्हटलं का हात जोडते अन् आपल्या घरी जाते."

त्याचं उत्तर ऐक, आता देतो. तुला प्रश्न पाहिजे होता आणि तुला त्यावर जगता येत होतं. मला येत नव्हतं. मला रोज सकाळी उठून त्याच यार्डात जायचं होतं, त्याच लाइनीवर, जिथून मी त्याची गाडी फिट म्हणून सोडली. त्या शब्दाचा मला टेकू होता. तो काढला असता तर मी उभा राहिलो नसतो. तू इतकी हुशार, सगळ्यांचं सगळं तुला समजायचं, हे एवढं तुला समजलं नाही? की समजलं होतं, म्हणूनच तू कार्यक्रमाला जाण्यापासून मला कधी अडवलं नाहीस, नुसती शाल घडी करायचीस?

रिटायर झाल्यावर आपण भिलाईला लागून रिसालीत हे घर घेतलं. नवीन वस्ती, कोणाला कोणाचं मागचं माहीत नाही, म्हणून तुला बरं वाटलं होतं. पण असल्या गोष्टी माणसाच्या आधी पोचतात. इथेही तू वीरमाताच झालीस. भाजीवाली म्हणायची, दूधवाला म्हणायचा. तू म्हणायचीस, "माझं नाव शालिनी हाय." ते हसायचे, त्यांना वाटायचं मोठेपणा.

आणि गेल्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झालं. सीमेवर गडबड, टीव्हीवर नकाशे, बाण, नुसता आरडाओरडा. भिलाईत मॉक ड्रिल ठेवलं. संध्याकाळी भोंगा वाजला, लोकांनी दिवे घालवले आणि गच्चीवर जाऊन मोबाइलमध्ये अंधाराचे फोटो काढले. खाली हसणं, शिट्ट्या. लग्नघर असावं तसं. तेव्हा तुझ्या छातीचं दुखणं सुरू झालेलं होतं, डॉक्टरने जिने चढू नका म्हणून सांगितलं होतं. तू दारात खुर्ची घेऊन बसलीस, भोंगा वाजत होता तोवर. मी आत चल म्हटलं. तू म्हणालीस, "पाहू द्या. पुन्हा चादरी ताणून राहिले."

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या उत्सव समितीचे लोक आले. चांगले शिकलेले, नमस्कार करून बसले. तुझा एक संदेश पाहिजे होता, मोबाइलवर टाकायला. वीरमाता का संदेश. मी नको म्हणालो. तू म्हणालीस, "काढा." डोक्यावरून पदर नीट केलास आणि स्वच्छ हिंदीत बोललीस, "जो घर में बैठकर लड़ाई माँग रहे हैं, वो पहले अपना बच्चा भेजें, फिर माँगें."

त्यांनी माना डोलावल्या, पाया पडले, गेले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या रिसालीत फिरला. स्मिताने रायपूरहून पाठवला. मागे ढोल, तिरंगा फडफडतो आहे, आणि तू म्हणतेस, "अपना बच्चा भेजें." तेवढंच. पुन्हा एकदा, मोठ्या अक्षरांत, "अपना बच्चा भेजें." मागचं पुढचं कापलेलं.

तू तो माझ्या मोबाइलवर दोनदा पाहिलास. मला वाटलं तू संतापशील. तू चष्मा काढून पुसलास.

"पाहा," तू म्हणालीस, "मले बी भरतीवाली करून टाकलं."

मी त्यांच्या घरी जाऊन भांडलो. हे तुला सांगितलं नाही, कारण त्यातून काही निघालं नाही. ते म्हणाले, काका, लंबा हो रहा था. म्हणाले, भावना तो वही है ना. इतक्या वर्षांच्या कार्यक्रमांत, इतक्या भाषणांत मला पहिल्यांदाच त्या माणसांची किळस आली. आणि किळस आली तेव्हा समजलं की तुला ती सुरुवातीपासून येत होती आणि तू एकटीच ती गिळत होतीस.

त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. गेलीस तीही दुपारी, गाढ झोपेत, कोणाला तसदी न देता. समितीचे लोक आले. फुलांनी गाडी सजवली आणि रामनाम सत्य है संपायच्या आत कोणीतरी ओरडलं, "वीरमाता!" बाकीचे म्हणाले, "अमर रहे!" मला खात्री होती की तू तिरडीवरून उठून बसशील आणि नाव सांगशील. ते ओरडत राहिले. इतकी वर्षं मी त्या घोषणेत माझा आवाज मिसळला होता. त्या दिवशी मिसळला नाही. एवढंच केलं. याहून जास्त मला जमलं नाही.

आता एक गोष्ट, जी तू माझ्यापासून लपवलीस.

मंगळवारी मी पेन्शनरांच्या बैठकीला जायचो. तेव्हा उतई गावाहून ती हेमिन यायची तुझ्याकडे. साडीला फॉल लावायला शिकते म्हणून तू मला सांगितलं होतंस. मला ती रस्त्यात दिसायची, नमस्कार करायची. बिचारी शिकायला येते, इतकंच मला माहीत. काल मंगळवार होता. मी बैठकीला गेलो नाही, जायची इच्छाच नव्हती. दुपारी दार वाजलं. हेमिन दारात.

मी म्हटलं, "काकी तो अब..."

"मालूम है कका. तेरवी में आई थी." ती आत येऊन उंबऱ्याजवळच बसली. "आदत से आ गई. बस मंगलवार को आप ही आप यहाँ उतर जाती हूँ."

मी पाणी दिलं. शिकवणी अर्धी राहिली असेल, असं काहीतरी बोललो. तिला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, "सिलाई तो मुझे आती है कका. शादी के पहले से."

तिचा मुलगा फौजेत आहे, शालिनी. सीमेवर. एकुलता. हे तू मला सांगितलं नाहीस. ती म्हणाली, गावात सगळे म्हणतात गर्व कर. सासू म्हणते रडणं अपशकुन आहे. नवरा म्हणतो लोकांसमोर तोंड पाडू नकोस. मुलाचा फोन आला की हसून बोलावं लागतं. "मैं डरती हूँ कका. रात-दिन डरती हूँ. किसी को बोल नहीं सकती. और भी दो-तीन जनी आती थीं, किसी का बेटा, किसी का भाई. सबको यही बीमारी."

"काकी क्या समझाती थी?" मी विचारलं.

"कुछ नहीं समझाती थी." तिने डोळे पुसले. "दरवाजा बंद करती थी और बोलती थी, अब डर ले जितना डरना है."

बाहेर मी शाली गोळा करत होतो आणि माझ्याच घरात, माझ्या पाठीमागे, तू हे चालवत होतीस. या गावात बाईला आपल्या पोरासाठी घाबरायला एवढी एकच जागा होती. ती तू मला दाखवली नाहीस, कारण मी कोणत्या बाजूला आहे हे तुला माहीत होतं. याचा मला राग आहे. तो जाईल असं वाटत नाही.

हेमिन पदराने तोंड झाकून बसली होती. जायचं की थांबायचं, तिला समजत नव्हतं. मग मी उठलो आणि दार लावलं. तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसलो, गुडघे दुखतात तरी. बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून तुझंच वाक्य बोललो.

शालिनी, मग आम्ही दोघांनीही पोटभर घाबरून घेतलं.